होडीत पाय टाकण्याआधी, आणि होडी उलटलीच तर: सहलीला निघणाऱ्या नवख्यांसाठी

दिवाळीची सुट्टी लागली की गेटवेच्या धक्क्यापासून मालवणच्या जेट्टीपर्यंत, राजपुरी, हर्णै, तापोळा, भिगवण, सगळीकडे होड्यांसाठी रांगा लागतात. या रांगेतल्या बऱ्याच जणांना पोहता येत नाही. वर्षातून एकदा होडीत बसणार, सोबत म्हातारी आई आणि दोन लहान मुलं, आणि सगळा भरवसा बोटवाल्यावर. हा लेख अशाच माणसासाठी आहे. पोहण्यातले किंवा होडी हाकण्यातले धडे यात नाहीत. प्रवासी म्हणून तुमच्या हातात जे आहे तेवढंच आहे, आणि ते कमी नाही.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. होडी १४ जणांची होती, चढवले होते त्याच्या दुपटीहून जास्त, आणि लाईफ जॅकेट मोजक्याच मुलांच्या अंगावर होती. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. १५ जीव गेले. धडक प्रवाशांच्या चुकीने झाली नव्हती. पण ८४ प्रवाशांचं पासिंग असलेल्या लाँचवर शंभराहून अधिक माणसं होती, आणि धडक बसली तेव्हा अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. किती माणसं चढवायची आणि जॅकेट कधी घालायचं, या दोन्ही गोष्टी धक्क्यावर ठरतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग धक्क्यावरचाच आहे.

आदल्या दिवशी

आधी महिना बघा. मेअखेर ते ऑगस्टअखेर कोकण किनाऱ्यावरची बहुतेक प्रवासी होडीसेवा आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. या काळात ‘आपली ओळख आहे, नेतो तुम्हाला’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. बंदी नसलेल्या दिवसांतही बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याचा, बावटा लागला असेल किंवा हवामान खात्याने मच्छीमारांना इशारा दिला असेल, तर बेत पुढे ढकला. ज्या हवेत कोळी होडी काढत नाहीत, त्या हवेत पर्यटकाने पाण्यावर जाण्याचं काहीच कारण नाही.

मग भरतीची वेळ. किनाऱ्यावरची जुनी माणसं ती पंचांगावरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकातून घ्या. पण एवढं कळलं तरी तुमची फेरी ओहोटीच्या जोरात खाडीच्या तोंडातून जाणार आहे का, याचा अंदाज येतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावतंय आणि वारा समुद्राकडून आत येतोय, अशा वेळी खाडीच्या तोंडाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. छोट्या होड्यांसाठी ती जागा सगळ्यात वाईट. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा हा जोर आणखी वाढतो.

धरणाच्या पाण्यावर भरती नसते, म्हणून लोक निर्धास्त होतात. तिथे धोका वाऱ्याचा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण बुडाले. एकजण पोहत काठाला लागला. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग चढतात. तेव्हा उजनी, पवना, मुळशी, कोयना, कुठेही जा, फेरी सकाळीच आटपा.

शेवटचं काम: न येणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला कळवून ठेवा. कुठून निघणार, कितीजण, किती वाजेपर्यंत परत, आणि त्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर त्याने काय करायचं.

धक्क्यावर

तिकीट काढण्याआधी होडी बघा. लगेच चढू नका, दोन मिनिटं उभे राहा.

होडीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासीसंख्या रंगवलेली असायला हवी. दिसत नसेल तर सरळ विचारा, ‘दादा, किती जणांचं पासिंग आहे?’ उत्तर मिळालं की डोकी मोजा. मांडीवरचं मूलही मोजायचं, तांडेल (होडी हाकणारा) आणि खलाशीसुद्धा. आकडा जुळला तरी होडी पाण्यात किती खोल बसली आहे ते बघा. सगळे चढल्यावर कड पाण्यापासून वीतभरही वर राहत नसेल, तर कागदावरचं पासिंग काहीही असो, त्या होडीत बसू नका. सामान, बर्फाच्या पेट्या, मोटारसायकली यांचंही वजन असतं.

तळाशी पाणी साचलंय का? थोडं असतंच, पण घोटा बुडेल एवढं असेल तर विचारा. उपसायला डबा किंवा पंप, एक लांब दोरी, नांगर, इंजिन बंद पडलं तर वल्ही, आणि इंजिनाच्या होडीत आग विझवण्याचं नळकांडं, एवढं तरी होडीत हवं. सगळं तपासायला तुम्ही निरीक्षक नाही. पण डबा आणि दोरीसुद्धा नसेल, तर बाकीचंही नाही असं समजा. तांडेल दारू प्यायलेला वाटला तर पुढे काही बघायची गरजच नाही.

आता अवघड भाग. हे सगळं दिसतं, कळतं, आणि तरी माणूस चढतो. शेवटची फेरी असते, आजी दमलेली असते, मुलं रडत असतात, बारा जणांचे पैसे भरून झालेले असतात आणि मागचे ‘चला हो, बसा लवकर’ म्हणून ढकलत असतात. अशा वेळी एकट्याने मागे वळायला लाज वाटते. म्हणून दोन गोष्टी घरीच ठरवा. एक, कुटुंबातल्या एका माणसाला हक्क द्या: त्याने नको म्हटलं की चर्चा नाही, सगळे उतरायचे. दोन, वाक्य तयार ठेवा. ‘मामा, गर्दी जास्त आहे, आम्ही पुढच्या फेरीला येतो.’ भांडण नको, कायद्याची भाषा नको. पैसे परत मिळाले नाहीत तर जाऊ द्या. आणि शेवटची फेरी कधीही धरू नका, शेवटून दुसरी धरा. मग नको म्हणायला जागा राहते. एका कुटुंबाने असं म्हटलं की मागचे दोघे-चौघेही थांबतात, हे मी धक्क्यांवर पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

लाईफ जॅकेट

होडीत जॅकेट ‘आहेत’ याला काही अर्थ नाही. मोठ्या लाँचवर ती छताला, दोरीने करकचून बांधलेल्या गठ्ठ्यांत असतात. होडी कलल्यावर तो गठ्ठा सुटत नाही. जॅकेट धक्क्यावरच मागा, धक्क्यावरच घाला, आणि परत धक्क्यावर पाय टेकल्यावरच काढा. उकडतं, वास येतो, फोटो चांगला येत नाही. हे सगळं खरं आहे आणि तरीही घालायचं.

हातात आल्यावर चिमटीत दाबून बघा. आतला फोम दाबून पुन्हा फुगला पाहिजे. चुरा झाल्यासारखा कुरकुरला किंवा जॅकेट ओलं आणि जड लागलं तर बदलून घ्या. उन्हाने पांढरं पडलेलं कापड नखाने ओढून बघा, फाटलं तर ते कामाचं नाही. मग घाला, सगळे पट्टे लावा, बकल ‘टक्’ वाजलं का ऐका, आणि पट्टे ओढून घट्ट करा. आता सोबतच्या माणसाला दोन्ही खांद्यांवर धरून जॅकेट वर खेचायला सांगा. ते हनुवटीच्या वर कानांपर्यंत सरकलं, तर पाण्यात जॅकेट तरंगेल आणि माणूस खालून निसटेल. लहान मुलांच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त घडतं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला चालत नाही, कितीही आवळलं तरी. मुलाच्या मापाचं, दोन मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं जॅकेट हवं. तसं नसेल तर मुलाला घेऊन जाऊ नका. वर्षातून दोन-तीनदा पाण्यावर जाणार असाल तर मुलांची जॅकेट स्वतःचीच विकत घ्या.

साडी नेसलेल्या बाईने पदर खोचून जॅकेटच्या आत घ्यावा, ओढणी गळ्याभोवती असू नये. जड बूट काढून ठेवावेत. प्रत्येक मोठ्या माणसाच्या जॅकेटला एक शिट्टी बांधा. पाण्यात ओरडून आवाज काही मिनिटांत बसतो, शिट्टी वाजत राहते. फोन पाणी न शिरणाऱ्या पाकिटात, गळ्यात.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. छप्पर असलेल्या लाँचच्या खालच्या, बंदिस्त भागात बसलात आणि लाँच उलटली, तर जॅकेट तुम्हाला वर, म्हणजे उलट्या झालेल्या लाँचच्या तळाकडे, दाबून धरतं. यावर उपाय जॅकेट न घालणं हा नाही. उघड्या बाजूला, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसा. मुलांना खिडकीच्या कोपऱ्यात आणि आपण कडेला, अशी बसची सवय इथे नको.

चढताना, बसताना

चढताना आणि उतरताना होणाऱ्या दुखापती बातमीत येत नाहीत, पण होतात. जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून दरवाज्याच्या पायऱ्यांवर उतरताना बघा: होडी लाटेबरोबर वर येते, खाली जाते, पायरीला घासते, पुन्हा फूटभर दूर सरकते. त्या फटीत पाय गेला की हाड मोडतं. होडी वर आलेली असताना, खलाशी ‘चला’ म्हणेल तेव्हाच, एकच पाऊल टाकायचं. खलाशाचा हात पंज्याने धरू नका, मनगटाला मनगट धरा. दुसरा हात मोकळा हवा, म्हणजे पिशवी आणि मूल आधी दुसऱ्याच्या हाती. होडीच्या कडेला पकडून बोटं बाहेर ठेवू नका, धक्क्याच्या आणि होडीच्या मध्ये ती चिरडतात.

चढल्यावर मध्यावर पाय ठेवा आणि लगेच बसा. वजन दोन्ही बाजूंना सारखं. छोट्या होडीत उभं राहणं म्हणजे सगळ्यांचा तोल आपल्या हातात घेणं. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्याजवळ कॉलेजच्या मुलामुलींनी भरलेली होडी उलटली आणि तीन मुली गेल्या. सेल्फीसाठी मुलं एका बाजूला सरकली, असं तेव्हा सांगितलं गेलं. डॉल्फिन बघायच्या फेऱ्यांत हाच धोका असतो. कुणीतरी ‘तो बघा!’ म्हणतं आणि अख्खी होडी त्या बाजूला झुकते. निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा: काहीही दिसलं तरी बूड उचलायचं नाही. तांडेल होडी वळवून दोन्ही बाजूंना दाखवतो.

बनाना बोट आणि बंपर या ओढत नेल्या जाणाऱ्या फुगवलेल्या बोटींवर मजा म्हणून मुद्दाम पाण्यात पाडतात. आधी विचारा, आणि पोहता येत नसेल, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असेल, गरोदर असाल, तर पाडायच्या फेरीला बसू नका. जेटस्कीवर मनगटाला बांधायची दोरी असते. ती बांधल्याशिवाय इंजिन चालू करू देऊ नका. तुम्ही पडलात की तीच इंजिन बंद करते.

पाण्यावर

इथे सांगण्यासारखं थोडं आहे. दारू नको, ना आधी, ना होडीत. हात बाहेर सोडून बसू नका. आणि हवेकडे लक्ष ठेवा. धरणावर वादळाची पहिली खूण पाण्यावर दिसत नाही. समोरच्या काठावर धूळ उठते, एकदम गार झुळूक लागते, ओल्या मातीचा वास येतो. हे जाणवलं की मिनिटं उरलेली असतात. तांडेलाला जवळच्या काठाला लावायला सांगा, निघालेल्या धक्क्याला नव्हे. ज्या कुठल्या काठाला लागाल तो चालेल, चालत परत येता येतं.

कयाक, म्हणजे एक-दोघांची वल्ह्याची अरुंद होडी, स्वतः चालवणार असाल तर आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा तुम्हाला परत आणेल. समुद्रावर सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी तेव्हा आरशासारखं शांत दिसतं, आणि तेवढ्यात फुगवलेली ट्यूब किंवा हलकी कयाक किनाऱ्यापासून लांब गेलेली असते.

कुणी पाण्यात पडलं तर

मोठ्याने ओरडा: ‘माणूस पाण्यात!’ एका माणसाने दुसरं काहीही न करता फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं. नजर हटली की लाटांत डोकं पुन्हा सापडत नाही. दुसऱ्याने तरंगणारं काहीतरी फेकायचं: रिंग, जास्तीचं जॅकेट, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन. तांडेलाने वेग कमी करून वळायचं, आणि माणूस जवळ आला की इंजिन बंद. पंखा फिरत असताना कुणालाही ओढून घ्यायचं नाही. होडीत घेताना सगळ्यांनी एकाच बाजूला धावायचं नाही. दोघं पुरे.

मागोमाग उडी मारू नका. महाराष्ट्रात एकाला वाचवायला गेलेला भाऊ, मग बाप, असे एकामागोमाग बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बुडणारा माणूस हाताला लागेल त्यावर चढतो, मग ते पोहणाऱ्याचं डोकं का असेना. बांबू, वल्हं, दोरी, साडी, जे असेल ते पुढे करा, स्वतः आडवे पडून. आणि लक्षात ठेवा, बुडणारा क्वचितच ओरडतो. तोंड पाण्याच्या वर-खाली होतंय, हात बाजूला पाणी दाबताहेत, केस डोळ्यांवर आलेत आणि हाक मारली तर उत्तर नाही: हे बुडणं आहे.

होडीत पाणी शिरलं किंवा ती उलटली तर

पाणी शिरू लागलं की उभं राहू नका. ज्याच्या अंगावर जॅकेट नाही त्याला आत्ता घाला, मुलांना आधी. लगेच फोन करा, होडी बुडायची वाट बघू नका. ११२ कुठूनही चालतो. समुद्रावर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. तांडेलाकडे व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६ वर तीनदा ‘मेडे’, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक. सांगायचं एवढंच: कुठे, काय झालं, किती माणसं, किती मुलं, होडीचं नाव. जागा सांगताना जवळचा किल्ला, दीपगृह, पूल किंवा मंदिर सांगा. फोनच्या नकाशातलं ठिकाण घरच्या माणसालाही पाठवा.

१४ मार्च २०२० रोजी गेटवेहून निघालेली ‘अजंठा’ मांडव्याजवळ बुडू लागली. सागरी पोलिसांची गस्ती बोट जवळ होती, आणि होडीवरचे सगळेच्या सगळे ८८ जण वाचले. मदत जवळ असते तेव्हा पहिल्या काही मिनिटांचं मोल असं असतं.

उलटलीच, तर होडी सोडू नका. लाकडी आणि फायबरच्या अनेक होड्या उलट्या होऊनही तरंगतात, आणि शोधणाऱ्याला एकट्या डोक्यापेक्षा होडीचा तळ लांबून दिसतो. काठ जवळ वाटतो तेवढा जवळ नसतो. होडीखाली अडकलात तर एक हात वर धरून कड चाचपा, तीच धरून खालून बाहेर या. आग लागली असेल, किंवा होडी खडकांकडे, चालू पंख्याकडे किंवा धरणाच्या सांडव्याकडे वाहत असेल, तरच तिच्यापासून दूर व्हा. जॅकेट असेल तर पोहून दमू नका: गुडघे छातीशी घेऊन तरंगा, आणि तीन-चार जण असाल तर हात गुंफून गोल करा, मुलं मध्ये. जॅकेट नसेल तर पाठीवर पडा, कान पाण्यात, हनुवटी वर, छाती भरून श्वास. शिट्टी थोड्या थोड्या वेळाने तीनदा वाजवा.

बाहेर काढल्यावर

पोट दाबू नका. उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका. पाणी ‘काढण्यात’ गेलेला वेळ हा मेंदूला हवा न मिळाल्याचा वेळ असतो. पाठीवर झोपवा, हाक मारा, हनुवटी वर करून दहा सेकंद श्वास बघा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. नसेल, किंवा नुसते आचके असतील, तर एकाला १०८ लावायला सांगा आणि तुम्ही सुरू करा. नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या, छाती उचलली गेली पाहिजे. मग छातीच्या मधोमध ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटीमीटर खोल, मुलाला छातीच्या एक तृतीयांश. मग दोन श्वास, पुन्हा ३० दाब. नुसते दाब इथे पुरत नाहीत, कारण बुडालेल्याला कमी पडलेली असते ती हवा. उलटी आली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा चालू. तोंडाशी येणारा फेस पुसत बसू नका. अँब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. श्वास आणि दाब देण्याची ही पद्धत, म्हणजे सीपीआर, वाचून येत नाही. गावातल्या रुग्णालयात किंवा रेडक्रॉसच्या शिबिरात एकदा हाताने करून बघा.

शुद्धीवर आलेला, ‘आता बरं वाटतंय’ म्हणणारा माणूसही रुग्णालयात न्यायचाच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं. खोकला थांबत नाही, धाप लागते, मूल गळून जातं किंवा विचित्र वागतं, ही लक्षणं घरी बसून बघायची नाहीत.

काठावर डोकी पुन्हा मोजा, आणि चढताना मोजलेला आकडा पोलिसांना सांगा. होडीवाल्याकडे यादी नसते तेव्हा शोध कधी थांबवायचा हे तुमच्या आकड्यावर ठरतं. काहीच वाईट घडलं नाही, पण जादा माणसं भरली होती किंवा जॅकेट दिली नव्हती, तरी होडीचं नाव आणि क्रमांक टिपून ठेवा. समुद्र-खाडीवर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर निरीक्षकाकडे, धरणावर जवळच्या पोलीस ठाण्यात, त्याच दिवशी लेखी द्या. दुसऱ्या दिवशी त्याच होडीत दुसरं कुटुंब बसणार असतं.